रोहिड्यावरील टाके-सफाईसाठी बुटांची निवड : प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी २०२५

रोहिडा किल्ल्यावरील पाण्याच्या टाक्यांतला गाळ येत्या उन्हाळ्यात, पाणी तळाला गेल्यावर, काढायचे ठरले असून पुरातत्त्व विभागाकडे लेखी परवानगीचा अर्ज गेला आहे. घमेली, पहारी, दोर आणि हातमोजे यांचा हिशेब आमच्याकडे दरवर्षी चोख असतो. पायांत काय घालायचे हे मात्र आजवर ज्याच्या त्याच्यावर सोडलेले होते. त्यामुळे एकाच दोरावर चिरा ओढणाऱ्यांत एकाच्या पायात धावण्याचे बूट, दुसऱ्याच्या पायात सँडल आणि तिसऱ्याच्या पायात कारखान्यातला सेफ्टी शू असे दृश्य नेहमीचे. या वर्षी बुटांची निवड हे कामाचेच अंग मानून ती आमच्या तिघांच्या गटाकडे सोपवली आहे.

अडचण अशी, की हे काम दुहेरी आहे. पायथ्याच्या बाजारवाडीतून सामानासह तास-दीड तासाची चढण, वर दिवसभर गाळ, दगड आणि माती, आणि संध्याकाळी दमलेल्या पायांनी उतरण. चालण्यासाठी बूट हलका, लवचीक आणि पकड घेणारा हवा, तर कामासाठी पुढून भक्कम आणि घोट्यापर्यंत झाकणारा हवा. एकच बूट दोन्ही करू शकतो का, हे आधी तपासायचे आहे. दुकानदाराच्या मते अर्थातच तो करू शकतो.

२ फेब्रुवारी २०२५

सर्व सदस्यांच्या पायांची मापे घेतली. मुद्दाम सायंकाळी घेतली, कारण पाय दिवसभरात किंचित फुगतो आणि गड उतरताना तर तो चांगलाच फुगलेला असतो. भिंतीला टाच टेकवून, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन जाड कागदावर उभे राहायचे आणि दुसऱ्याने पेन्सिल अगदी उभी धरून पायाच्या कडेने फिरवायची, ही रीत ठेवली. पेन्सिल आत कलली तर चार-पाच मिलिमीटरचा फरक सहज पडतो, आणि ब्रिटिश मापातला एक पूर्ण क्रमांक म्हणजे एक-तृतीयांश इंच, अर्थात जेमतेम साडेआठ मिलिमीटर, हे ध्यानात घेतले म्हणजे या कलण्याची किंमत कळते.

बहुतेकांचे दोन्ही पाय सारखे नाहीत. मोठ्या पायाचे माप धरायचे ठरले. आपल्याकडे बुटावर छापलेला सात किंवा आठ हा क्रमांक ब्रिटिश पद्धतीचा असतो आणि शेजारचा ४१, ४२ हा युरोपीय पद्धतीचा, ज्याची पायरी दोन-तृतीयांश सेंटिमीटरची आहे. या दोन पायऱ्या एकमेकींशी जुळत नाहीत, शिवाय प्रत्येक उत्पादक आपल्या साच्याप्रमाणे त्यांचा मेळ घालतो, म्हणून ‘मला आठ लागतो’ या वाक्याला आमच्या तक्त्यात स्थान दिलेले नाही. तक्त्यात फक्त पायाची लांबी आणि चवड्याची रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, लिहिली आहे. काही बुटांच्या जिभेवरील लेबलावर पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये दिलेली असते. ती असेल तेथे तीच प्रमाण मानावी.

लांबीपेक्षा रुंदीने अधिक डोके खाल्ले. आमच्यातील निम्म्याहून अधिक जण रुंद चवड्याचे आहेत आणि लहानपणापासून एक क्रमांक मोठा बूट घेऊन त्यांनी वेळ मारून नेली आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातील लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजून ‘भ’ नावाची भारतीय मापपद्धती सुचवली, त्या पाहणीतही आपले पाय युरोपीय पायांपेक्षा रुंद असल्याचेच आढळले होते. मोठा क्रमांक घेतल्याने चवडा मोकळा होतो, पण टाच आत वर-खाली होऊ लागते, आणि बूट जेथे दुमडायला हवा तेथे न दुमडता बोटांच्या मुळाशी दुमडतो. फोड येतात ते यातूनच.

दुकानात करायची एक सोपी तपासणी ठरवली: बुटातील सुटा इनसोल बाहेर काढून त्यावर उभे राहायचे. चवडा दोन्ही कडांनी बाहेर सांडत असेल, तर तो बूट कितीही चांगला असला तरी त्या पायाचा नाही.

१६ फेब्रुवारी २०२५

औद्योगिक सुरक्षा साहित्याच्या दुकानात अर्धा दिवस गेला. सेफ्टी शू घेताना आयएसआय चिन्हाबरोबर आयएस १५२९८ या मानकाचा कोणता भाग लिहिला आहे, ते पाहावे लागते. भाग २ म्हणजे बोटांवरील टोपी २०० ज्यूलचा आघात सोसणारी, भाग ३ म्हणजे १०० ज्यूलचा, आणि भाग ४ मध्ये टोपीची अटच नाही. २०० ज्यूल म्हणजे साधारण वीस किलोचे वजन एक मीटरवरून पडल्यावर होणारा आघात. आमच्या कामात पहारीवरून निसटणारा चिरा याच वजनाचा किंवा याहून जड असतो, मात्र तो गुडघ्याच्या उंचीवरून, बहुधा घसरत, पायावर येतो. त्यामुळे भाग २चा बूट आम्हांला पुरेसा आहे आणि त्याखालचा घेण्यात अर्थ नाही.

टोपी पोलादी घ्यावी की कंपोझिट, यावर दुकानात बरीच चर्चा झाली. कंपोझिट टोपी हलकी असते, पण तेवढीच ताकद येण्यासाठी जाड करावी लागते, त्यामुळे बुटाचा पुढचा भाग फुगीर होतो आणि अरुंद पायरीवर तोच आधी आपटतो. पोलादी टोपी पातळ असते, म्हणून आतली जागा अधिक मिळते. विजेचे काम करणाऱ्यांसाठी गणित वेगळे आहे. आम्हांला पोलाद चालेल.

घसरण-रोधकतेच्या खुणांकडे मात्र डोळसपणे पाहावे लागेल. बुटावर एसआरए लिहिले असेल तर चाचणी साबणपाणी लावलेल्या सिरॅमिक फरशीवर झालेली असते, एसआरबी असेल तर ग्लिसरीन लावलेल्या पोलादी पत्र्यावर, आणि एसआरसी असेल तर दोन्हींवर. मानकाच्या नव्या आवृत्तीत याऐवजी एसआर ही खूण येते. सह्याद्रीचा ओला कातळ यांपैकी कोणत्याच चाचणीत नाही.

२ मार्च २०२५

राजगडावर चाचणी घेतली. गुंजवण्याहून चोर दरवाजाने वर आणि पाली दरवाजाने खाली, असा मार्ग मुद्दाम निवडला, कारण त्यात रानातली पायवाट, मुरमाड घसारा, चोर दरवाजाखालचा रेलिंगचा कातळटप्पा आणि पालीच्या बाजूच्या रुंद पायऱ्या असे सगळे एकापाठोपाठ मिळते. काहींनी पोलादी टोपीचे सेफ्टी शू घातले होते, काहींनी ट्रेकिंगचे बूट, आणि पद्मावती तलावापाशी जेवण झाल्यावर ज्यांचे माप जुळत होते त्यांनी आपसांत बूट बदलले.

चढताना सेफ्टी शूबद्दल फारशी तक्रार आली नाही, फक्त वजन जाणवले. आमच्या वजनकाट्यावर सेफ्टी शूचा जोड सव्वा किलोच्या वर आणि ट्रेकिंगचा पाऊण किलोच्या आसपास भरला. पायातले वजन पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा कितीतरी पट महाग पडते, कारण ते प्रत्येक पावलाला उचलावे लागते. रेलिंगच्या टप्प्यावर कडक तळाचा फायदाही दिसला: अरुंद खोबणीत नुसता चवडा टेकवून उभे राहताना तो वाकत नाही.

खरी परीक्षा उतारावर झाली. उतरताना पाय बुटात पुढे सरकतो आणि बोटे टोपीच्या आतल्या कडेला टेकतात. कापडी किंवा चामडी टोक थोडे तरी देते, पोलाद अजिबात देत नाही. पाली गावात पोहोचेपर्यंत दोघांच्या अंगठ्याची नखे दुखू लागली होती. त्यांतल्या एकाने नाडी केवळ वरच्या दोन भोकांत आवळली होती. घोट्याच्या वळणावर नाडीला दुहेरी पीळ देऊन टाच मागे रोखून धरली, तर हा त्रास बराच कमी होतो, हे दुसऱ्या सदस्याच्या पायावर लगेच करून पाहता आले. तरीही निष्कर्ष असा, की टोपीचा बूट घालून रोज गड उतरणे हा मार्ग नव्हे.

आणखी एक गोष्ट तलावाकाठी बसल्यावर कळली. उकिडवे बसले की टोपीची मागची कड बोटांच्या वरच्या बाजूला रुतते. गाळ काढताना माणूस अर्धा वेळ उकिडवाच असतो, म्हणून दुकानात बूट घालून नुसते चालून पाहू नये, पाच मिनिटे उकिडवे बसूनही पाहावे.

९ मार्च २०२५

आज फक्त तळाचा विचार केला. डोंगरी बुटाचा रबरी खाचांचा तळ ज्यांच्यामुळे रूढ झाला, त्या इटालियन गिर्यारोहक व्हिटाले ब्रामानी यांच्या सहा साथीदारांचा १९३५ साली इटालियन आल्प्समध्ये मृत्यू झाला होता. त्यानंतर १९३७मध्ये, पिरेलीच्या आर्थिक साहाय्याने, त्यांनी तो तळ बाजारात आणला. खोल खाचा चिखल आणि बर्फासाठी उत्तम. कातळावर मात्र खाचा जितक्या खोल आणि विरळ, तितका दगडाला टेकणारा भाग कमी, आणि तेथे खाचांपेक्षा रबराचा मऊपणा कामाला येतो.

एका सदस्याच्या अंगणात पडून असलेली काळ्या पाषाणाची जाड फरशी एका बाजूने विटांवर उचलली, तिच्यावर पाणी सोडले, आणि कमरेला दोर बांधून एकेकाने निरनिराळे बूट घालून तिच्यावर उभे राहायचे; मग एकेक वीट वाढवायची. डबल डेन्सिटी पीयूचा (दोन घनतांच्या पॉलियुरेथेनचा) कारखानी तळ सर्वांत आधी सुटला. नायट्राइल रबराचा सेफ्टी शू त्याहून बरा निघाला. नखाने दाबल्यावर ज्यात किंचित खड्डा पडतो असा मऊ रबराचा ट्रेकिंग बूट सर्वांत तीव्र उतारापर्यंत टिकला, आणि त्याच्या रांगेत आला तो पुण्या-मुंबईच्या ट्रेकर मंडळींनी वर्षानुवर्षे घातलेला साधा, स्वस्त ट्रेकिंग बूट, ज्याच्या तळाला धड नावही नाही. महागडा, खोल खाचांचा परदेशी तळ मधेच कोठेतरी अडकला.

त्यानंतर टाकीच्या कडेचे हिरवे शेवाळ आणून फरशीवर चोळले. सगळे बूट घसरले, आणि जवळजवळ एकाच उतारावर घसरले. यावरून कामाच्या पद्धतीत एक कलम वाढवले: टाक्याच्या कडेला जेथे शेवाळ आहे तेथे बुटाच्या भरवशावर उतरायचे नाही, दोर लावायचा आणि पाय ठेवण्याची जागा काथ्याच्या ब्रशने घासून घ्यायची. तारेचा ब्रश वापरायचा नाही, कारण जुन्या दगडावर त्याचे ओरखडे कायमचे राहतात.

२३ मार्च २०२५

एका सदस्याने कपाटात जपून ठेवलेला, क्वचितच घातलेला परदेशी बुटाचा जोड आणला. वरचे चामडे नव्यासारखे होते. अंगणात दहा पावले चालल्यावर उजव्या बुटाचा मधला थर ओल्या बिस्किटासारखा भुगा होऊन बाहेर आला. पॉलियुरेथेनचा मधला थर हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटित होतो, आणि वापर नसेल, वारा लागत नसेल, तर ही क्रिया थांबत नाही. कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या पावसाळी हवेत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला बूट म्हणजे या विघटनाची उत्तम सोय. ईव्हीए या दुसऱ्या फोमच्या थराला हा रोग नाही, पण तो भाराने लवकर चपटतो.

म्हणून सवलतीत मिळणारा जुना साठा घ्यायचा नाही. सेफ्टी शूच्या तळावर बहुधा एक लहान वर्तुळ असते, मध्ये वर्षाचे अंक आणि महिन्याकडे रोखलेला बाण. ते वाचूनच जोड उचलायचा. खोक्यावरही निर्मितीचा महिना आणि वर्ष छापलेले असते.

६ एप्रिल २०२५

बैठकीत निर्णय झाला. एका बुटात दोन्ही कामे करण्याचा नाद सोडून दिला आहे.

चढ-उतारासाठी आणि वरच्या हलक्या कामासाठी प्रत्येकाचा स्वतःचा, घोट्यापर्यंतचा, मऊ रबरी तळाचा ट्रेकिंग बूट. घोटा झाकण्यामागे मुरगळण्यापेक्षा फुरशाची भीती अधिक आहे: दगडाखाली दबा धरून बसलेले फुरसे दंश करते तो खालूनच, आणि जाड कापड किंवा चामडे आणि आत लांब मोजा असला तर निदान एक अडसर तरी राहतो. हात त्याहून अधिक धोक्यात असतात, म्हणून दगड आधी पहारीने उलटायचा हा नियम जुनाच आहे.

चिरे हलवणाऱ्या तुकडीसाठी पोलादी टोपीचे, नायट्राइल तळाचे, बफ चामड्याचे बूट. ते पाठीवर वर न्यायचे आणि कामाच्या जागी बदलायचे. चामडे ज्याच्या त्याच्या पायाप्रमाणे वळते, म्हणून हे बूटही व्यक्तिगत राहतील, सामाईक नाहीत.

टाक्याच्या आत उतरणाऱ्यांसाठी पोलादी टोपीचे गमबूट, आणि हे मात्र सामाईक, कारण पीव्हीसी कोणाच्या पायाचा आकार घेत नाही आणि धुऊन वाळवता येते. साचलेल्या पाण्यात गुरांचे आणि उंदरांचे मूत्र मिसळलेले असण्याची शक्यता असते, आणि पायावरच्या बारीक खरचटीतूनही लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग होऊ शकतो. अनवाणी गाळात उतरण्याची आमची जुनी प्रथा म्हणूनच बंद. गमबूट घालून कातळावर चालायचे नाही, टाक्याच्या तोंडापाशीच घालायचे आणि तेथेच काढायचे.

खर्चाचा अंदाज: टोपीचा बूट हजार ते अडीच हजार रुपये, ट्रेकिंगचा दीड ते चार हजार. पैसे मर्यादित असतील तर आधी ट्रेकिंगचा घ्यावा, असे माझे मत नोंदवतो. दगड सगळेच उचलत नाहीत, उतरावे मात्र सगळ्यांनाच लागते.

२० एप्रिल २०२५

खरेदी. सायंकाळी, कामाला घालणार तेच मोजे बरोबर घेऊन गेलो. मोजे सुती नकोत, हे पुन्हा सांगावे लागले: सूत घाम धरून ठेवते आणि ओली त्वचा लवकर सोलते, लोकर किंवा नायलॉनमिश्रित जाड मोजा बरा. दुकानातल्या उतरत्या फळीवर पाऊल आपटून अंगठा पुढे टेकतो का, हे प्रत्येकाने पाहिले. उभे असताना अंगठ्यापुढे साधारण अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा धरली.

महिला सदस्यांची अडचण कायम राहिली. त्यांना चार आणि पाच क्रमांक लागतात, आणि टोपीच्या बुटांचा साठा बऱ्याच ठिकाणी सहापासूनच सुरू होतो. एका विक्रेत्याने सहाचा बूट आणि दोन इनसोल असा तोडगा सुचवला, तो नाकारला. इनसोलने टाच वर उचलली जाते, चवडा टोपीला घासू लागतो आणि रुंदी तशीच राहते. मागणी नोंदवून आठ दिवस थांबायचे ठरले.

४ मे २०२५

ट्रेकिंगच्या बुटांचे तळ नुसते चिकटवलेले असल्याने ते शिवून घेतले. आमच्या नेहमीच्या मोचीदादांनी पहिला जोड हातात घेतला, तळाची कड अंगठ्याने मागे ओढून पाहिली आणि म्हणाले, “दादा, गम चांगला आहे, पण पावसात टोकाकडून सुटणारच. पुढून दोनदा मारून देतो.” रापीने त्यांनी तळाच्या कडेला सगळीकडून एक उथळ चर पाडला, म्हणजे दोरा आत बसेल आणि दगडावर घासून तुटणार नाही, आणि मग मेण लावलेला नायलॉनचा दोरा आरीने एकेका टाक्याला आतून ओढून घेतला. चर न पाडता वरून मारलेली शिलाई एका मोसमात झिजते, हे त्यांचे म्हणणे आमच्या जुन्या बुटांवर स्पष्ट दिसते. शिलाईच्या भोकांतून पाणी शिरते हा आक्षेप खरा आहे, पण पावसाळ्यात पाणी घोट्यावरूनच शिरते, त्यामुळे त्याची फिकीर केलेली नाही. टोपीचे बूट शिवायला दिले नाहीत. त्यांचा तळ साच्यात ओतून वरच्या भागाशी एकजीव केलेला असतो.

१८ मे २०२५

गडावर कामाचा दिवस. बूट बदलण्याची व्यवस्था अपेक्षेपेक्षा सुरळीत चालली, मात्र त्यासाठी सावलीत एक ताडपत्री अंथरून ठेवावी लागली, नाहीतर बदलताना मोज्यांना कुसळे चिकटतात आणि दिवसभर टोचत राहतात. दुपारी एक चिरा दोरातून सुटून एका सदस्याच्या उजव्या पायावर आला; टोपीवरच्या चामड्याचा तुकडा निघाला, आतले पोलाद उघडे पडले, पाय शाबूत. तो जोड आता बाद करायचा आहे, कारण एकदा मार खाल्लेली टोपी दिसायला सरळ असली तरी तिच्यावर पुन्हा विसंबता येत नाही.

१३ जुलै २०२५

पावसाळी पाहणीसाठी वर गेलो. दोघांकडे जलरोधक पडद्याचे बूट होते, बाकीच्यांकडे साधे जाळीदार. पहिला ओढा ओलांडेपर्यंत पडद्याच्या बुटांतले मोजे कोरडे राहिले. ओढ्यात पाणी वरून आत गेले आणि मग तोच पडदा ते बाहेर येऊ देईना. जाळीच्या बुटांतून प्रत्येक पावलाला पाणी निथळत होते. परतल्यावर जाळीचे बूट वर्तमानपत्राचे बोळे कोंबून दुसऱ्या दिवशी वाळले, पडद्याच्या बुटांना कितीतरी अधिक वेळ लागला. कोरड्या थंडीच्या मुलखात पडद्याला मोल असेल; घाटमाथ्यावरच्या आषाढासाठी त्याचे जादा पैसे मोजू नयेत. चुलीपाशी किंवा हिटरपुढे बूट ठेवायचे नाहीत, ही सूचना गटाला पुन्हा पाठवली. चामडे तडकते आणि डिंक सुटतो.

१६ नोव्हेंबर २०२५

मोसमानंतरची तपासणी. गवत वाळले असून त्याखालचा मुरूम सुटा झाला आहे, आणि या घसाऱ्यावर मऊ रबराचा तळ फार वेगाने झिजतो, विशेषतः टाचेच्या बाहेरच्या कडेला. ज्यांची ती कड निम्म्याहून अधिक गुळगुळीत झाली आहे त्यांचे बूट गावातल्या कामासाठी वेगळे काढले. पीयूचा मधला थर असलेले सर्व जोड अंगठ्याने दाबून पाहिले. कोठे चीर किंवा भुगा नाही. सगळे बूट मोकळ्या फळीवर, पिशवीविना, नाड्या सैल करून ठेवले आहेत आणि महिन्यातून एकदा घालून चालण्याची पाळी ठरवली आहे.

पुढील मागणी: चार क्रमांकाचे टोपीचे बूट दोन जोड, पाच क्रमांकाचे तीन, बाद झालेल्या जोडाऐवजी आठ क्रमांकाचा एक. चारचे माप आता साठ्यात असल्याचे विक्रेत्याने कळवले आहे; ते पैसे देण्याआधी सदस्यांनी प्रत्यक्ष घालून, उकिडवे बसून पाहायचे आहेत.